उचलीची वही आणि सिबिलचा कागद

आज आपण एका प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. प्रश्न साधा आहे. आपल्याला कामावर घेणाऱ्याला आपल्या कर्जाची चौकशी करायचा हक्क आहे का? आणि त्यानं विचारलं तर आपण किती सांगायचं?

हा प्रश्न आता आपल्या गटांच्या बैठकीत येऊ लागला आहे. पोरी शिकल्या, बँकेच्या परीक्षा देऊ लागल्या. जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत ओळ असते, की कर्ज थकवलेल्या उमेदवाराला नेमणूक मिळणार नाही. मग आई घाबरते. आपण गटाचं कर्ज घेतलंय, फायनान्सवाल्याचंही घेतलंय, त्यानं पोरीची नोकरी जाईल का? काही जणींना वाटतं की हे संगणक आल्यापासूनचं नवीन संकट आहे. आम्हाला तसं वाटत नाही. मजूर आणि मालक यांच्यामध्ये कर्जाची वही फार जुन्या काळापासून ठेवलेली आहे. ती वही कुणाच्या हातात होती, कुणाला वाचता येत होती आणि तिच्यात काय लिहिलं जात होतं, एवढं पाहिलं तरी आजचा कागद नीट समजतो.

सुरुवात आपल्या शेजारून करू. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे नगर जिल्हा, त्याच्यापुढे पुणे जिल्हा. आपण निजामाच्या राज्यात होतो, ते इंग्रजांच्या. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लोकांना सगळ्यात आधी हवे होते ते कागद. गहाणखतं, करारनामे, ज्यांच्यावर अंगठे उठवले होते ते दस्त त्यांनी मागितले आणि जाळले. पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच झालं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कागदच का जाळले, याचा विचार करा. अंगठा शेतकऱ्याचा होता, पण कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. शंभर घेतले की दोनशे, व्याज किती, फेडले किती, हे सगळं सावकाराच्या हातात. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्यता कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवू. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, ही पहिली. दुसरी अशी, की सावकारानं ऋणकोला पैसे मिळाल्याची पावती आणि मागितल्यास हिशोब द्यायचा. म्हणजे वही दोन्ही बाजूंना दिसली पाहिजे, हे सरकारलाही दीडशे वर्षांपूर्वी मान्य करावं लागलं.

पण हे झालं सावकार आणि शेतकरी यांचं. जिथं कर्ज देणारा आणि काम देणारा एकच माणूस असतो, तिथं गोष्ट आणखी बिकट होते. इंग्रजांनी १८५९ साली एक कायदा केला होता. मजुरानं आगाऊ पैसे घेतले आणि ठरलेलं काम केलं नाही, तर मालक त्याला न्यायाधीशापुढं उभं करू शकत होता. न्यायाधीश सांगायचा, पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर. ते ऐकलं नाही तर तुरुंग. आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी असलेला हा कायदा पुढं दुसरीकडेही पसरला. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याचे पैसे बुडवले तर दिवाणी दावा, आणि मजुरानं उचल घेऊन काम सोडलं तर गुन्हा! हा कायदा १९२५ साली रद्द झाला. साठपासष्ट वर्षं तो चालला.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ, कारण तिथं मराठी मुलखातले हजारो बायाबापडे कामाला होते. गिरणीत कामाला लावायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यावर बाईच मुकादम असे, तिला नायकीण म्हणत. कामावर घेण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे, म्हणजे वरचे पैसे. ते नसले तर कर्ज काढून द्यायचे. अनेकदा कर्ज देणारा तोच जॉबर किंवा त्याच्या ओळखीचा. पगार महिना संपून बरेच दिवस गेल्यावर हातात पडायचा, तोवर वाणी उधारीवर धान्य देणार. आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन सावकार उभा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं कर्ज चारचौघांत पुकारलं जायचं. मालकाला वेगळी चौकशी करायची गरजच नव्हती. सगळ्या गिरणीला ठाऊक असायचं की कोण किती देणं लागतो.

१९२९ साली सरकारनं मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष व्हिटली म्हणून इंग्रज गृहस्थ होते आणि सभासदांत आपल्या मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी होते. १९३१ साली आयोगाचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की बहुतेक औद्योगिक गावांत कर्जात असलेल्या कुटुंबांचं प्रमाण दोनतृतीयांशाहून कमी नाही आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. म्हणजे कर्ज असणं ही एखाद्याची लाज नव्हती, सगळ्या वस्तीचीच ती स्थिती होती. आयोगानं असंही सुचवलं की वसुलीसाठी कारखान्याच्या दारात ठाण मांडून बसणं हा गुन्हा ठरवावा. बंगालनं १९३४ साली तसा कायदा केलाही. मजुराचं कर्ज आणि मजुराचं काम यांच्यामध्ये एक भिंत असावी, हा विचार इथं पहिल्यांदा कायद्यात उतरलेला दिसतो.

१९३६ साली वेतन देण्याचा कायदा झाला. पगार कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, पगारातून काय कापायचं आणि काय नाही, हे त्यात ठरलं. एक कलम तर आपल्या भागातल्या बायकांनी मुद्दाम ऐकावं असं आहे. काम सुरू होण्याआधी दिलेली उचल कशी कापायची याचा नियम त्यात होता, आणि कामाच्या जागी पोचायला प्रवासखर्च म्हणून दिलेली उचल कापायचीच नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. कारखान्याच्या मजुरासाठी नव्वद वर्षांपूर्वी झालेला हा विचार उसाच्या फडापर्यंत मात्र पोचला नाही.

आणखी एक जुना कायदा सांगतो, कारण वसुलीवाला दारात आला की बायकांची पाचावर धारण बसते. १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही लागू आहे. तिच्यात लिहिलंय, की पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. घरातली स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्माच्या रीतीनं बाईनं अंगावेगळा करू नये असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, जप्तीत धरता येत नाही. मजुराची मजुरीही जप्त होत नाही. कोर्टालासुद्धा जे करता येत नाही, ते फायनान्सच्या वसुलीवाल्याला कसं करता येईल?

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपलं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं. निजामाच्या राज्यात भागेला नावाची पद्धत होती, तेलंगणात ती फार पसरलेली होती. जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचं. ते बापाच्या हातून फिटलं नाही तर पोरगा राबायचा. इंग्रजांचे कायदे इथं चालत नव्हते. आपल्या मराठवाड्यात सालगड्याची पद्धत होती, ती आजही पुरती गेलेली नाही. पाडव्याला साल ठरायचं. थोडी रक्कम आधी हातात, थोडं धान्य, आणि वर्षभर काम. मधे लग्न निघालं, बाळंतपण आलं, आजारपण आलं, की मालकाकडूनच उचल. साल संपताना हिशोब व्हायचा आणि देणं निघालं की पुढचं साल त्याच घरी. सालगड्याची बायको त्याच वाड्यात शेणगोठा करायची, तिचं नाव मात्र हिशोबात कुठंच नसायचं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राज्यातून मुक्त झालो. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी त्या लढ्याचं नेतृत्व केलं होतं, ही आपल्या गावाची अभिमानाची गोष्ट. राज्य बदललं, पुढं १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण पाऊस काही बदलला नाही. १९७२चा दुष्काळ आपल्या आज्या-आत्यांनी पाहिलाय. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहत होते, तिथं ऊस तोडायला माणसं हवी होती. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गावंच्या गाव दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडू लागलं आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परतू लागलं.

ऊसतोडीचं माप आहे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. उचल साधारण पावसाळ्यात हातात पडते, जेव्हा घरात दाणा नसतो आणि शाळेची फी, बी-बियाणं, दवाखाना सगळं एकदम आलेलं असतं. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. काम मात्र दोघांनी करायचं.

आपण एक हिशोब मांडून बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या वर गेला. समजा दर ३६६ रुपये धरला आणि एका कोयत्यानं लाख रुपये उचल घेतली. तर ती फिटायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन तोडले, एकही खाडा झाला नाही, तरी त्याला १३७ दिवस लागतात. म्हणजे साडेचार महिने, जवळजवळ सगळा हंगाम. वर खायला काय, पोराच्या तापाला काय? त्यासाठी पुन्हा मुकादमाकडेच हात पसरायचा. आणि खाडा पडला की पाचशे, कुठं हजार रुपये त्याच उचलीत चढतात. मग आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, आणि "तुमच्याकडं बाकी निघते" हे वाक्य ऐकून जोडपं घरी येतं. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जाणं आलंच.

खाड्याची ही भीती बायकांच्या अंगावर कशी निघाली, हे २०१९ साली सगळ्या देशानं पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागं दवाखान्यांचा लोभ होता, भीती घालणं होतं, लवकर झालेली लग्नं होती. पण पाळीच्या दिवसांत खाडा नको, उचल फिटली पाहिजे, हेही त्यामागं होतं. म्हणून आम्ही म्हणतो की उचल हा नुसता पैशाचा विषय नाही.

इथं मुकादमाचीही बाजू सांगितली पाहिजे. तो बहुतेक आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असतो. त्यानंही वरून पैसे उचललेले असतात, आणि एखादी टोळी पैसे घेऊन दुसरीकडं गेली तर त्याची जमीन विकायची वेळ येते. मग तो टोळीमागं माणसं पाठवतो, माणसं डांबून ठेवली जातात, पोलीस केस होते. साखळीच्या वरच्या टोकाला कारखाना असतो, त्याच्या कागदावर ऊसतोड मजुराचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बँकेच्या भरतीत मालक आपलं कर्ज तपासतो. ऊसतोडीत मालकच कर्ज देतो, म्हणून त्याला तपासायचं काहीच उरत नाही. किंवा असं म्हणा, की तुम्ही किती अडचणीत आहात एवढंच तो तपासतो. जेवढी अडचण मोठी तेवढी उचल मोठी, आणि तेवढा मजूर पक्का.

कायदा काय म्हणतो? २५ ऑक्टोबर १९७५ पासून देशात वेठबिगारी बंद झाली. १९७६ सालच्या कायद्यात देशभरातल्या अशा पद्धतींची नावंच दिली आहेत आणि त्या यादीत आपल्या निजामाच्या राज्यातली भागेलाही आहे. कर्जापोटी कुणाला राबायला लावता येत नाही. असं कर्ज असेल तर ते रद्द होतं, ते फेडायची जबाबदारीच संपते. राबायला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, असं सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. जिल्हाधिकाऱ्यांवर अंमलबजावणी सोपवली आहे आणि उपविभागाच्या पातळीवर दक्षता समिती असावी असं सांगितलं आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला. ठेकेदारानं मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात उचल लिहायची, आणि काम संपल्यावर ठेकेदाराचं जे कर्ज बाकी राहील ते संपलं असं समजायचं, असं त्यात होतं. बेळगाव, बागलकोटकडं जाणाऱ्या आपल्या किती जणींच्या हातात असं पासबुक पडलं असेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९३६चा व १९७९चा हे दोन्ही कायदे त्यांत मिसळले. वेठबिगारीबंदीचा कायदा मात्र आहे तसाच स्वतंत्र आहे.

आता या सगळ्यात आपली वही कुठून आली ते बघू. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. त्यांना बँकेतून कर्ज मिळवून द्यायचं हे त्या मंडळाचं पहिलं मोठं काम. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग केला. त्यातून पुढं गावोगाव गट झाले. २०११ नंतर उमेद आलं. आपल्या अंबाजोगाईत मानवलोक आणि डॉ. शैला लोहिया यांच्या मनस्विनी प्रकल्पानं बायकांना एकत्र बसायची आणि बोलायची सवय लावली.

गटाच्या वहीत आणि मुकादमाच्या वहीत फरक काय? गटाची वही बैठकीत सगळ्यांपुढं वाचली जाते. कुणी किती घेतलं, कशासाठी घेतलं, हप्ता आला की नाही, सगळ्यांना ठाऊक. म्हणजे इथंही आपलं कर्ज उघडच आहे. पण जी वाचते तिचंही त्याच वहीत आहे. कर्ज सांगण्यात कमीपणा नसतो. आपण एकीला सांगितलं आणि तिचं आपल्याला कळलंच नाही, म्हणजे मात्र आपण तिच्या मुठीत जातो.

आता सिबिलकडं येऊ. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे, ती २००० साली स्थापन झाली. जसं सगळ्या वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसं या सगळ्या प्रकाराला सिबिल नाव पडलं. अशा कंपन्यांसाठी २००५ साली कायदा झाला आणि आज देशात अशा चार कंपन्या आहेत. बँका, पतपेढ्या, फायनान्स कंपन्या आपल्या कर्जाची आणि हप्त्यांची माहिती त्यांना देतात. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये एक आकडा निघतो. बचत गटातल्या सभासदांची एकेकीची माहितीही द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली बँकांना सांगितलं. ही माहिती किमान सात वर्षं ठेवली जाते.

ही माहिती कर्ज द्यावं की नाही हे ठरवण्यासाठी गोळा झाली. नोकरी द्यावी की नाही यासाठी ती वापरणं नंतर आलं. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत आता लिहिलेलं असतं, की कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी थकवलेल्या आणि सिबिलचा अहवाल प्रतिकूल असलेल्या उमेदवाराला नेमणूक मिळणार नाही. एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक अशी रद्द झाली. तो न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं होतं, की मी जाहिरातीच्या आधीच सगळं फेडलंय. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बँकेची बाजू मान्य केली. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याची स्वतःची पैशाची शिस्त बघणं योग्य आहे आणि नुसतं फेडणं पुरेसं नाही, फेडताना थकवलेलं नसावं, असा त्याचा अर्थ निघतो. सरकारी नोकरांनाही नियम आहे. महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत सरकारी कर्मचाऱ्यानं सततच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहावं असं म्हटलंय.

यावर आमचं मत सांगतो. तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात द्यायची त्याची चौकशी करणं आम्हाला गैर वाटत नाही. आपणही गटाचा खजिनदार निवडताना बघतोच. पण जिच्या घरी दुष्काळ पडला, जिच्या बापाचं ऑपरेशन झालं, तिचा हप्ता चुकला म्हणून ती अप्रामाणिक ठरत नाही. नोकरी नाही म्हणून हप्ता चुकला आणि हप्ता चुकला म्हणून नोकरी नाही, या फेऱ्यात पोरगी सापडली तर तिनं बाहेर यायचं कुठून? अमेरिकेत हा वाद आपल्या आधी झाला. तिथं १९७०च्या कायद्यापासून याचे नियम आहेत आणि आता मालकाला उमेदवाराची लेखी परवानगी घ्यावी लागते. २००७ साली वॉशिंग्टन राज्यानं आणि २०१५ साली न्यूयॉर्क शहरानं बहुतेक नोकऱ्यांसाठी अशी तपासणी बंद केली, पैशाच्या जबाबदारीच्या काही जागा तेवढ्या वगळल्या. आपल्याकडं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. जागा कोणती आणि तिथं ही माहिती कशाला हवी, हे विचारायचा आधार आपल्याला त्यातून मिळतो.

आता कामाच्या गोष्टी.

आईच्या कर्जामुळं मुलीचा कागद खराब होत नाही. अहवाल ज्याच्या त्याच्या नावाचा असतो. पण मुलीला सहकर्जदार किंवा जामीनदार केलं असेल, तर ते कर्ज तिच्या नावावरही दिसतं. म्हणून फायनान्सवाल्याच्या फॉर्मवर शिकणाऱ्या पोरीची सही घेऊ नका. शैक्षणिक कर्ज तिच्याच नावावर असतं. शिक्षण संपल्यावर हप्ते कधीपासून सुरू होतात ते बँकेत जाऊन विचारून ठेवा.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो बँकेच्या परीक्षेआधी काढा, नेमणुकीचं पत्र आल्यावर नाही. आपण न घेतलेलं कर्ज किंवा फेडलेलं असूनही बाकी दाखवलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. कर्ज तडजोडीत मिटवलं तर कागदावर "सेटल" असं लिहिलं जातं, पूर्ण फेडल्यासारखं ते धरलं जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

कुणीही मालक उठून आपला अहवाल काढू शकत नाही. कायद्यानं मुभा दिलेल्यांनाच तो मिळतो. बाकीचे आपल्यालाच आणून द्यायला सांगतात. तेव्हा कशासाठी हवा हे विचारा. बँकेच्या फॉर्ममध्ये कर्जाबद्दल प्रश्न असेल तर खरं लिहा. दडवलेलं नंतर सापडलं तर ते थकलेल्या हप्त्याहून वाईट ठरतं. पण जिथं विचारलेलं नाही तिथं आपण होऊन सगळं घर उघडं करायची गरज नाही.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनो, उचल घेतली त्या दिवशी तारीख आणि रक्कम आपल्या गटाच्या बैठकीत सांगा आणि आपल्या वहीत लिहा. किती टन तोडले, किती कापले, खाडा किती लावला, हे दर आठवड्याला लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊ नका, कोरा चेक देऊ नका. डांबून ठेवलं, मारहाण केली, लेकरू ठेवून घेतलं, तर पोलिसात आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडं तक्रार करा. अंबाजोगाईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सुप्याच्या लोकांनी वही जाळली, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. आपल्याला वाचता येते, आणि लिहिताही येते. या हंगामाला टोळी निघायच्या आधी प्रत्येक गटानं एक बैठक फक्त उचलीच्या नोंदीसाठी घ्यावी, एवढं आमचं सांगणं आहे.